‘पास’ या शब्दाविषयी थोडेसे



निकालाचे दिवस आले की शाळेच्या कार्यालयात दिवसभर एकच प्रश्न ऐकू येतो : ‘पास आहे ना?’ गणितात किती मिळाले, मराठीचे वाचन सुधारले का, इंग्रजीची भीती गेली का, हे फारसे कोणी विचारत नाही. पुष्कळ वडील पाळीवरूनच फोन करतात. मागे लूमचा खडखडाट चालू असतो, मोठ्याने बोलावे लागते, आणि त्यांना एका शब्दात उत्तर हवे असते. त्यांची अडचण आम्ही जाणतो. पण या दोन अक्षरी शब्दावर आपण सर्वांनी मुलांचे इतके काही टांगून ठेवले आहे की त्याविषयी एकदा सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

शब्द इंग्रजी आहे हे लहान मूलही सांगेल. तो फ्रेंच भाषेतून इंग्रजीत आला आणि त्याचे मूळ लॅटिनमधल्या ‘पासुस’ या शब्दात आहे. ‘पासुस’ म्हणजे पाऊल. पाऊल टाकणे, पुढे जाणे, एखाद्या ठिकाणाजवळून किंवा त्यातून पलीकडे जाणे असे अर्थ त्यातून वाढत गेले. आमचे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे ‘पास’ म्हटले की आमच्या कानाला आजही आधी हिंदीतला ‘पास’ ऐकू येतो, म्हणजे जवळ. हा शब्द निराळा. तो संस्कृत ‘पार्श्व’ वरून आला, आणि गुजरातीतला ‘पासे’ त्याच घरातला. आपली मुले मात्र दोन्ही ‘पास’ एकाच दिवसात वापरतात. घरी आजी अहिराणीत ‘मना जोडे बस’ म्हणते, शेजारची गुजराती मावशी ‘मारी पासे बेस’ म्हणते, दुकानातला हिंदी भाषिक माणूस ‘पास में’ सांगतो, आणि शाळेत पास व्हायचे ते वेगळेच! एवढ्या भाषांतून वाट काढणाऱ्या मुलाला आपण ‘भाषेत कच्चा’ असा शेरा देतो, याचे आम्हाला कधीकधी आश्चर्य वाटते.

आपल्या कडोदऱ्यात हा शब्द किती ठिकाणी भेटतो, ते पाहा. चलथाण स्टेशनवरून गाडीने जाणाऱ्याकडे रेल्वेचा मासिक पास असतो. (येथे पालकांना एक माहिती देऊन ठेवतो. घर ते शाळा किंवा कॉलेज एवढ्या अंतरासाठी दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत विनामूल्य मिळतो. त्यासाठी शिक्षणसंस्थेचा दाखला लागतो.) जीआयडीसीतल्या मिलमधून माल बाहेर काढायचा तर गेटपास पाहिजे, आणि पाळीच्या मध्येच बरे नाही म्हणून घरी जायचे तरी गेटपासच पाहिजे. पार्टीचे बिल पास झाले की मगच पगाराची गोष्ट. सोसायटीत घर घेताना जाणते लोक आधी विचारतात, ‘प्लान पास आहे का?’ बँकेत पासबुक. नवरात्रीत गरब्याचा पास, आणि तो मिळवून देणाऱ्या मित्राचा तेवढ्या नऊ दिवसांपुरता वाढलेला भाव! गाडीत शेंगदाणे विकणारा तर खाण्याच्या वस्तूचे नावही घेत नाही, नुसते ‘टाइमपास, टाइमपास’ ओरडतो आणि सर्वांना समजते.

आपल्या चार रस्त्यावर एक वापर असा आहे, जो इंग्रजीच्या पुस्तकात सापडणार नाही. मुंबई-अहमदाबाद महामार्ग आणि धुळ्याकडे जाणारा रस्ता इथे एकमेकांना छेदतात, त्यामुळे दोन्ही राज्यांच्या गाड्या मुलांच्या डोळ्यांसमोरून रोज जातात. मुले लगेच ओळखतात, ही जीजे-१९ पासिंगची, ही एमएच-१८ म्हणजे धुळे पासिंगची, एमएच-१९ जळगावची, एमएच-३९ नंदुरबारची. ‘पासिंग’ म्हणजे गाडी कोणत्या कार्यालयात नोंदली गेली ते. खरे इंग्रजी बोलणाऱ्याला हे सांगितले तर तो गोंधळून जाईल. पण इथे ट्रान्सपोर्टवाल्याचे दुसऱ्या कोणत्याही शब्दाने भागणार नाही. चुकीचे इंग्रजी म्हणून आपण याला हसू नये. शब्द परदेशातून आला, आपल्या गावात राहिला आणि इथल्या कामाला लागला, आपल्यासारखाच.

वर्गात इंग्रजी शिकताना मात्र काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. जेवताना इंग्रज माणूस ‘मीठ पास करा’ म्हणतो, तेव्हा ते हातोहात पुढे द्यायचे असते. पत्त्यांत ‘पास’ म्हणणारा आपली पाळी सोडून देतो. फुटबॉलमध्ये पास देणारा चेंडू स्वतःकडे न ठेवता सोबत्याला देतो. वेळ ‘पास’ होतो म्हणजे निघून जातो. ‘पास अवे’ म्हणजे माणूस वारला, हे तर सर्वांना माहीत आहे. ‘पास’ आणि ‘पास्ट’ यांत मुले फार गोंधळ घालतात. पहिले क्रियापद आहे, आणि दुसरे ‘साडेआठ’ सांगताना ‘हाफ पास्ट एट’ मध्ये येते. शुद्धलेखनाच्या वहीत दर वर्षी दहा-बारा जण ‘हाफ पास एट’ लिहितातच, म्हणजे अर्धे पास!

आणखी एक शब्द आहे ‘पासआउट’. आपल्याकडे नोकरीच्या अर्जात मुले लिहितात, ‘आय ॲम टू थाउजंड एटीन पासआउट’. परदेशात हे वाचणाऱ्याला वाटेल की हा उमेदवार २०१८ साली बेशुद्ध पडला होता, कारण तिकडे रोजच्या बोलण्यात त्या शब्दाचा अर्थ चक्कर येऊन पडणे असा आहे. लष्करात मात्र तो योग्य अर्थाने चालतो. पुण्याजवळ खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे. तिथल्या खेत्रपाल मैदानावर तीन वर्षांचे शिक्षण पूर्ण केलेल्या छात्रांचे दीक्षान्त संचलन होते, त्याला पासिंग आउट परेड म्हणतात. त्या संचलनाच्या शेवटी छात्र जी रेषा ओलांडून जातात तिला नाव आहे ‘अंतिम पग’. पग म्हणजे पाऊल. लॅटिन ‘पासुस’ चा अर्थ तिथे आपोआप परत आलेला दिसतो.

भूगोलात ‘पास’ म्हणजे डोंगरातली खिंड. खान्देशातून आलेल्या आपल्या प्रत्येक घराने असा एक ‘पास’ ओलांडलेला आहे. रस्त्याने आलेल्यांनी तर नक्कीच. नवापूर, विसरवाडी सोडून साक्री-धुळ्याकडे जाताना कोंडाईबारीचा घाट लागतो. त्यातला ‘बारी’ हा शब्द खिंडीसाठीच आहे. हिंदीत बारी म्हणजे पाळी, नंबर. म्हणून आम्ही पहिल्यांदा हे नाव ऐकले तेव्हा इथे गाड्यांना आपापल्या बारीने सोडत असतील असे वाटले होते. घाटातली वाहनांची रांग पाहता तो अर्थही अगदीच वावगा नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो. परीक्षेत पास होणे हा अर्थ आपल्याकडे विद्यापीठांबरोबर घट्ट झाला. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि त्याची पहिली मॅट्रिक परीक्षा १८५९ साली झाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्या पहिल्या तुकडीतले. तेव्हापासून ‘मॅट्रिक पास’ ही एक पदवीच होऊन बसली. गंमत अशी की ‘मॅट्रिक नापास’ हीसुद्धा काही काळ ओळख होती आणि लोक ती संकोच न करता सांगत, कारण मॅट्रिकपर्यंत पोहोचणे हेच मोठे होते. आमच्या आधीच्या पिढीतल्या अशा कितीतरी माणसांनी पेढ्यांवर हिशेब लिहिले, गावात पत्रे वाचून दाखवली, आणि त्यांना कोणी कमी लेखले नाही.

‘नापास’ हा शब्द इंग्रजांनी दिलेला नाही. तो आपण इथे तयार केला. नाराज, नापसंत, नालायक यांतला फारसी ‘ना’ घेतला आणि इंग्रजी ‘पास’ च्या पुढे लावला. मराठी, गुजराती, हिंदी, तिन्ही भाषांत तो चालतो. मराठीचा स्वतःचा शब्द ‘उत्तीर्ण’ आहे. तो ‘तॄ’ म्हणजे तरून जाणे या धातूपासून येतो. तीर्थ, तारू, तरणे ही त्याच कुळातली मंडळी. उत्तीर्ण म्हणजे पलीकडच्या काठाला लागलेला. जो अजून अलीकडच्या काठावर आहे तो अनुत्तीर्ण. त्याची नाव अजून यायची आहे, एवढाच त्याचा अर्थ. ‘नापास’ म्हणताना मात्र आपण ‘नालायक’ च्या सुरात म्हणतो. शब्दातला हा डंख काढण्याचे प्रयत्न वरूनही झाले. महाराष्ट्र मंडळाने दहावीच्या गुणपत्रिकेतून ‘अनुत्तीर्ण’ काढून कौशल्य विकासास पात्र असा शेरा आणला, आणि सीबीएसईने २०२० मध्ये ‘फेल’ च्या जागी ‘इसेन्शियल रिपीट’ असे लिहायला सुरुवात केली. हेतू चांगलाच आहे. पण घरी वडिलांनी त्याचा अर्थ ‘म्हणजे नापासच ना?’ असाच लावला, तर शेरा बदलून काय उपयोग?

पास-नापासची रेघ किती माणसाने आखलेली आहे, हे आपल्याइतके दुसऱ्या कोणाला चांगले दिसणार? घर अर्धे इथे आणि अर्धे शहादा-शिरपुराकडे. गुजरात मंडळात दहावीला विषयात उत्तीर्ण होण्यासाठी शंभरात ३३ गुण लागतात, महाराष्ट्रात ३५. (तिकडे विषयगट आणि सवलतीचे गुण यांचे वेगळे नियम आहेत, ते सोडून देऊ.) म्हणजे ३४ गुणांचा चुलतभाऊ इथे असता तर पेढे वाटले असते, तिथे आहे म्हणून हिशेब मांडावा लागतो. एक मे १९६० पूर्वी दोन्ही गावे एकाच मुंबई राज्यात होती. दोघांच्या डोक्यात गणित सारखेच आहे, मधून फक्त राज्याची सीमा गेली.

याच्या उलट बाजूही आहे, आणि आमच्या दृष्टीने ती अधिक गंभीर आहे. शिक्षणाचा अधिकार कायदा २००९ सालचा, तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातल्या सोळाव्या कलमाने आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला मागे ठेवायचे नाही असे ठरले. भीतीने शाळा सोडणारी मुले टिकावीत हा त्यामागचा विचार होता आणि तो आम्हाला आजही बरोबर वाटतो. मुलाचे शिकणे वर्षभर तपासत राहायचे, कमी पडेल तिथे लगेच मदत करायची, हा त्याच कायद्याचा दुसरा भाग. तो पुष्कळ ठिकाणी कागदावर राहिला. आणि घरोघरी ‘वरच्या वर्गात गेला’ याचे भाषांतर ‘पास झाला’ असे झाले. या दोन गोष्टी एक नाहीत, हे पालकांनी कृपया समजून घ्यावे. २०२१ मध्ये कोरोनामुळे गुजरातेत दहावीच्या नियमित विद्यार्थ्यांची परीक्षाच झाली नाही आणि त्यांना मास प्रमोशन मिळाले. त्या मुलांचा त्यात काही दोष नव्हता. पण अकरावीत गेल्यावर काय राहून गेले ते त्यांच्याइतके दुसऱ्या कोणाला कळले नसेल. ‘असर’ च्या २०२४ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर नीट वाचता आला नाही. ही सर्व मुले कागदोपत्री पाचवीपर्यंत ‘पास’ च आहेत.

२०१९ साली कायद्यात दुरुस्ती झाली. पाचवी आणि आठवीला परीक्षा, कमी पडल्यास जादा शिकवणी, दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा, आणि तरीही जमले नाही तर त्याच वर्गात ठेवायचे की नाही ते राज्याने ठरवायचे, असे त्याचे स्वरूप आहे. गुजरातने मागे ठेवण्याचा मार्ग स्वीकारला, महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये तेच केले, आणि डिसेंबर २०२४ मध्ये केंद्राने आपल्या शाळांसाठी तसा नियम काढला. आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता मात्र येत नाही, हे त्यात स्पष्ट आहे. या सगळ्यात आम्हाला सर्वांत मोलाचे वाटतात ते दोन महिने. फेरपरीक्षेआधीच्या त्या दोन महिन्यांत मूल गावी लग्नाला गेले, तर कायदा काही करू शकत नाही.

खरी गाळणी नववीत लागते. त्याविषयी सन्माननीय विश्वस्तांना आदरपूर्वक दोन शब्द सांगायचे आहेत, आणि ते बैठकीत सांगितले तसेच इथेही लिहितो. दहावीचा निकाल शंभर टक्के लागावा आणि त्याचा फलक चार रस्त्यावर लावावा, अशी इच्छा आपल्यापैकी काहींनी व्यक्त केली. इच्छा चुकीची नाही. परंतु शंभर टक्क्यांचे दोन रस्ते आहेत. एक, सर्वांना शिकवणे. दुसरा, जे अडखळतील असे वाटते त्यांना नववीतच अडवणे, किंवा पालकांना बोलावून ‘दाखला घेऊन जा, दुसरीकडे बघा’ असे गोड शब्दांत सांगणे. हा दुसरा रस्ता सोपा आहे आणि अनेक ठिकाणी रुळलेला आहे. आमच्या शाळेत तो सुरू होऊ नये असे आमचे स्पष्ट मत आहे. मिलमध्ये ताका तपासणारा माणूस दोष असलेला ताका बाजूला काढतो, आणि त्याने तो काढलाच पाहिजे, त्याचे ते काम आहे. पण तो ताका आपणच विणलेला असतो, हेही विसरून चालत नाही.

आमची सूचना अशी. फलक अवश्य लावावा, पण त्यावर उत्तीर्णांच्या टक्केवारीशेजारी आणखी एक आकडा लिहावा : दोन वर्षांपूर्वी आठवीत आपल्याकडे किती मुले होती आणि त्यांपैकी किती दहावीला बसली. पहिला आकडा पंच्याऐंशी असला आणि दुसरा पूर्ण असला, तर आम्ही त्या फलकाशेजारी ताठ मानेने उभे राहू. काही विश्वस्तांना हे अव्यवहारी वाटते, कारण लोक फलक पाहून प्रवेश घेतात. तो धोका आहे, आम्ही नाकारत नाही. पण आपल्या समाजाने वर्गणी काढून ही शाळा चालवली ती लूमवरच्या माणसाच्या मुलासाठी. नववीत अडखळणारा मुलगा बहुतेक वेळा त्याच घरातला असतो.

पालकांनाही तेवढ्याच स्पष्टपणे सांगतो. नापास झाला म्हणून दुसऱ्या आठवड्यात मुलाला लूमवर किंवा एम्ब्रॉयडरीच्या मशीनवर बसवू नका. घरातली ओढाताण आम्हाला ठाऊक आहे. बारा तासांच्या पाळीचा पगार लगेच हातात येतो आणि शिक्षणाचे फळ कधी येईल ते सांगता येत नाही. पण दहावी पासचा हा कागद कुठे कुठे अडवतो तेही पाहा. पासपोर्ट काढायला गेलात तर दहावी उत्तीर्ण नसलेल्याला आखातासारख्या ठराविक देशांत नोकरीला जाण्याआधी सरकारची वेगळी मंजुरी घ्यावी लागते, दहावी पास असलेल्याला ती लागत नाही. म्हणजे एक ‘पास’ दुसऱ्या ‘पास’ ची वाट अडवतो. मालवाहू गाडी चालवण्याच्या परवान्यासाठी २०१९ पर्यंत आठवी पासची अट होती, ती त्या वर्षी काढली गेली. चांगलेच झाले. पण म्हणून आठवीनंतर थांबावे असा त्याचा अर्थ कोणी घेऊ नये.

मार्ग बंद होत नाही. एक-दोन विषय राहिले तर त्याच वर्षी पूरक परीक्षा असते, वर्ष वाया जात नाही. नियमित शाळा जमणारच नसेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावी करता येते, तिथे हिंदी-इंग्रजीबरोबर मराठी आणि गुजराती माध्यमही आहे. आयटीआयचे काही अभ्यासक्रम आठवीनंतरही मिळतात. यांपैकी काय जमेल ते मुलाला समोर बसवून ठरवावे लागते, फोनवर होत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक छोटे काम. ‘पास’ हा शब्द घरात, गल्लीत, दुकानात, गाडीत जितक्या अर्थांनी ऐकाल तितके वहीत लिहून आणा. वर दिलेले सोडून. कोणाचे सर्वांत जास्त होतील त्याची वही पुढच्या अंकासाठी घेऊ. चुकीचे इंग्रजी वाटले तरी लिहा, कोण बोलले आणि कशासाठी ते मात्र सोबत लिहा.

पूरक परीक्षेचे अर्ज शाळेतूनच ऑनलाइन भरले जातात. मुलाची गुणपत्रिका आणि दोन फोटो आणावेत. वडील दिवसपाळीला असतील तर आई आली तरी चालेल. सही येत नसेल तर तिने अंगठा न लावता आमच्या कार्यालयात दहा मिनिटे बसावे, नाव लिहायला आमच्या शिक्षिका शिकवतील. मागच्या वर्षी चार जणी शिकून गेल्या.